जनगणनेला ना पासबुक लागतं, ना ओटीपी

नातेवाइकांच्या आणि सोसायटीच्या ग्रुपवर असा मेसेज फिरतो: ‘जनगणनेचे कर्मचारी येत आहेत. आधार, पॅन, पासबुक तयार ठेवा. आलेला ओटीपी त्यांना सांगा. सोबतची फाइल इन्स्टॉल करा. नाहीतर दंड होईल, रेशन बंद होईल.’ पहिलं वाक्य खरं आहे, म्हणूनच पुढची खपून जातात.

कागदपत्रं? एकही दाखवावं लागत नाही. तुम्ही सांगाल ते प्रगणक, म्हणजे जनगणनेचा कर्मचारी, नोंदवतो. २०२६ च्या घरयादीच्या टप्प्यात ३३ प्रश्न आहेत: भिंती आणि छप्पर कशाचं, खोल्या किती, पाणी कुठून येतं, संडास कसा, गॅस की चूल, टीव्ही, इंटरनेट, गाडी, अगदी घरात मुख्य धान्य कोणतं खाता तेही. खातेक्रमांक, एटीएम कार्ड यांबद्दल त्यात काहीच नाही. मोबाइल नंबर मात्र खरा प्रगणकही विचारतो. तेवढ्यावरून कुणाला चोर ठरवू नका. फेब्रुवारी २०२७ मधल्या मोजणीत माणसांची माहिती घेतील, जातही विचारतील.

ओटीपीपाशी खरा घोळ होतो. सरकारी पोर्टलवर स्वगणना करताना, म्हणजे आपली माहिती स्वतः ऑनलाइन भरताना, ओटीपी येतो, पण तो तुम्ही स्वतः टाकायचा असतो. माहिती भरून झाल्यावर मिळणारा एसई आयडी प्रगणकाला द्यायचा, बस. दारातल्या किंवा फोनवरच्या माणसाने ओटीपी मागितला, तर आलेला मेसेज शेवटपर्यंत वाचा. तो बहुधा बँकेचा, यूपीआयचा किंवा व्हॉट्सअ‍ॅपचा निघेल.

फाइलचा धोका याहून मोठा. प्रगणकाचं अ‍ॅप त्याच्याच फोनमध्ये असतं, तुमच्या फोनमध्ये काही टाकावं लागत नाही. मेसेजसोबत आलेली अशी एपीके फाइल (अ‍ॅप इन्स्टॉल करणारी फाइल) एसएमएस वाचायची परवानगी मागते. ती दिली की ओटीपी परस्पर चोराकडे जातो, तुम्ही तोंडही न उघडता. चुकून टाकलीच असेल तर आधी वायफाय आणि डेटा बंद करा, दुसऱ्या फोनवरून १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला आणि बँकेला कळवा, खातं गोठवा. आलेला मेसेज आणि नंबर यांचे फोटो काढून ठेवा आणि मगच फोन रीसेट करा.

दंडाची धमकी अर्धी खरी आहे. जनगणना कायदा, १९४८ प्रमाणे उत्तर देणं बंधनकारक आहे आणि नकाराला हजार रुपयांपर्यंत दंड आहे. पण तो कोर्टात दोष सिद्ध झाल्यावर. दारात रोख किंवा क्यूआर कोडवर दंड घ्यायचा अधिकार कुणालाही नाही. रेशनचा तर संबंधच नाही: याच कायद्याच्या कलम १५ नुसार वैयक्तिक नोंदी गोपनीय असतात.

ओळखपत्र बघाच, पण छापील कार्ड कुणीही बनवू शकतं. नाव लिहून घ्या आणि गावात तहसील कार्यालयात, शहरात पालिकेच्या वॉर्ड ऑफिसात विचारा. तिथला नंबर स्वतः शोधा, समोरच्याने दिलेला लावू नका. खरा प्रगणक तेवढा वेळ थांबेल किंवा पुन्हा येईल. ‘आत्ताच, नाहीतर नाव कटेल’ अशी घाई करणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.