बाबूभाईंचा काळा दोरा

आमच्या गल्लीत गणपतीत रस्त्यावर आडवा पडदा बांधून सिनेमा दाखवायचे. पुढे जागा नसली की आम्ही पोरं पडद्यामागे बसायचो. तिकडून सगळं उलटं. त्यामुळे 'संपूर्ण रामायण'मधला राम मी पहिल्यांदा पाहिला तो डावखुरा. बाण मात्र तिकडूनही बाणाला बरोबर भिडायचे.

परवा तोच सिनेमा भाच्याला मोबाइलवर दाखवला. दहाव्या मिनिटाला साहेब म्हणाले, "मामा, किती फेक आहे हे!" जरा लागलंच मला.

सिनेमा १९६१चा, दिग्दर्शक बाबूभाई मिस्त्री. मूळचे सुरतचे, जन्म १९१८चा. १९३७ साली विजय भट्टांच्या 'ख्वाब की दुनिया'त अदृश्य माणूस दाखवायचा होता. अठरा-एकोणीस वर्षांच्या या पोराने वस्तू काळ्या दोऱ्याने हलवल्या आणि त्याचं नावच 'काला धागा' पडलं. सोपं वाटतं ना? दिवा जरा इकडेतिकडे झाला की दोरा चमकलाच. म्हणजे खरं काम दोऱ्याचं नाही, अंधार कुठे ठेवायचा याचं.

पुढची करामत तर याहून जीवघेणी. तेव्हाची पद्धत अशी, की अर्धी चौकट झाकून चित्रण करायचं, फिल्म कॅमेऱ्यातच मागे गुंडाळायची आणि दुसरा अर्धा भाग झाकून त्याच फिल्मवर पुन्हा चित्रण करायचं. मध्ये कॅमेरा केसभर हलला तर दोन्ही वेळची मेहनत पाण्यात, आणि तेही कळणार फिल्म धुऊन आल्यावर. आज आपण 'ते नंतर कॉम्प्युटरवर बघू' म्हणतो. तेव्हा 'नंतर' नव्हतंच.

म्हणून मला वाटतं, चमत्कार करणारा माणूस स्वतःच दिग्दर्शक असण्याला फार अर्थ होता. प्रसंग आधी आणि करामत मागाहून चिकटवलेली, असं होत नसे. हे बीज अर्थात आपल्या फाळक्यांचं, 'लंकादहन' १९१७चा.

आता खरं सांगायचं तर अभिनय करून घेणं हा बाबूभाईंचा प्रांत नव्हता. त्यांची पात्रं बरेचदा कॅलेंडरवरच्या देवांसारखी उभी असतात. पण तेवढ्यावरून 'पौराणिक' म्हणून नाक मुरडणं मला पटत नाही. १९६३चा 'पारसमणी' म्हटलं की लोकांना लक्ष्मीकांत-प्यारेलाल आठवतात, 'हंसता हुआ नूरानी चेहरा' आठवतं. दिग्दर्शक कोण विचारा, दहातले नऊ गप्प. २०१०मध्ये बाबूभाई गेले तेव्हा माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

भाच्याने शेवटी एक दृश्य थांबवलं, दोन बोटांनी मोठं केलं आणि ओरडला, "सापडला दोरा!"

मी चष्मा लावून पाहिलं. जुन्या प्रिंटवरचा ओरखडा होता तो.