'जस्ट', 'ऑलरेडी' दिसलं की 'हॅव'च? अर्धंच खरं

'वाक्यात जस्ट, ऑलरेडी किंवा यट असेल तर हॅव-हॅजच लावायचं, डिड लावलं की मार्क गेले' असा मेसेज स्पर्धा परीक्षांच्या ग्रुपांवर फिरतोय. नियम ब्रिटिश वळणाचा आहे. अमेरिकेत 'आय जस्ट एट', 'डिड यू ईट यट?' सर्रास चालतं. आपली पुस्तकं ब्रिटिश वळणाची, म्हणून पेपरात 'आय हॅव जस्ट ईटन' लिहिलेलं बरं; पण दुसरं वाक्य चूक ठरवू नका.

मेसेज खरा फसतो तो पुढे. 'जस्ट'नंतर लगेच 'नाऊ' आलं की ब्रिटिश इंग्रजीतही साधा भूतकाळ: 'आय सॉ हिम जस्ट नाऊ'. आणि 'ही जस्ट स्माइल्ड' म्हणजे 'तो नुसता हसला'. इथे 'हॅज' घातलं तर अर्थच बदलतो, 'तो आत्ताच हसलाय'.

उलट, जी खरी चूक होते ती या मेसेजात सांगितलेलीच नाही. 'आय हॅव मेट हिम टू डेज अगो' दोन्हीकडे चूक. 'अगो', 'यस्टरडे', 'लास्ट वीक' हे ठरावीक गेलेली वेळ सांगतात, तिथे 'हॅव' काढा: 'आय मेट हिम टू डेज अगो'.