किर्कुकचं भांडण 'प्राचीन' नाही

इराकमधल्या किर्कुक या तेलाच्या शहरावरचा तुमचा लेख आवडला, पण 'किर्कुकमधलं कुर्द-तुर्कमेन-अरब वैर हजारो वर्षांचं आहे' हे वाक्य खटकलं. १९२७ मध्ये शहराजवळच्या बाबा गुरगुर इथे तेलाचा फवारा उसळला आणि तेल कंपनीच्या कामासाठी चहूकडून माणसं आली. १९५७ च्या जनगणनेत मातृभाषा विचारली होती. शहरात तुर्कमेन, म्हणजे तुर्की वळणाची भाषा बोलणारे, सर्वांत जास्त, पाठोपाठ कुर्द, मग अरब. निम्म्याहून जास्त कुणीच नाही. शिवाय असिरियन आणि खाल्डियन ख्रिस्ती, आणि १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत ज्यूसुद्धा. एकेका घरात दोन-तीन भाषा सहज चालायच्या.

१९४६ च्या जुलैत तेल कामगारांनी पगार आणि घरांसाठी संप केला. गावूरबागी बागेतल्या त्यांच्या सभेवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. ते कामगार सगळ्या समाजांचे होते! हे लेखात यायलाच हवं होतं.

१९५९ च्या दंगलीत तुर्कमेन मारले गेले, ते नाकारता येणार नाही. पुढे बाथ पक्षाच्या, म्हणजे सद्दाम हुसेनच्या पक्षाच्या, राजवटीने कुर्द आणि तुर्कमेन कुटुंबांना हुसकावून अरबांना वसवलं, प्रांताचं नाव बदलून 'अत-तामीम', म्हणजे (तेलाचं) राष्ट्रीयीकरण, ठेवलं. लोकांच्या गावाला तेलाच्या व्यवहाराचं नाव! मला तरी यात जुनं वैर दिसत नाही, तेलावर ताबा हवा असलेलं सरकार दिसतं.