गोळी बंद करण्याचा मुहूर्त

बीपीची गोळी सुरू झाली की माणसाने पहिलं काम एकच करावं, ती बंद करायचा मुहूर्त शोधायला लागावं. डॉक्टर म्हणतील, 'रोज घ्या, मला विचारल्याशिवाय थांबवू नका.' त्यांना बोलायला काय जातंय? गोळी पोटात कुणाच्या जाते?

सर्वोत्तम मुहूर्त म्हणजे बीपी नॉर्मल आल्याचा दिवस. दोन महिने गोळी घेतलीत, मशीनवर १२४/७८ उमटलं. ज्या अर्थी बीपी नॉर्मल, त्या अर्थी बीपीच नाही. आणि बीपीच नाही तर गोळी कशाला? हा तर्क इतका बिनतोड आहे की सकाळी नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानाला चकरा मारणाऱ्यांपैकी एकालाही तो आजवर खोडता आलेला नाही. फक्त हाच तर्क निफाडकडच्या एखाद्या द्राक्षबागायतदाराला ऐकवू नका. 'यंदा बागेत भुरी दिसत नाही, मग फवारणी कशाला करता?' असं विचारलंत तर तो तुम्हाला चहासुद्धा विचारणार नाही.

तरीही मनात धाकधूक असेल तर मधला मार्ग आहे. डोकं दुखेल त्या दिवशी गोळी घ्यायची. बीपी १४०/९० च्या पुढे जाऊन वर्षानुवर्षं तिथेच मुक्काम ठोकतं आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही लागत नाही, हे डॉक्टरांचं नेहमीचं रडगाणं. न दुखणाऱ्या दुखण्याला आपल्याकडे मान नाही. गुडघ्याला आहे, कंबरेला आहे. गुडघ्यासाठी वेदनाशामक गोळ्या मात्र बिनधास्त घ्या, मेडिकलवाला चिठ्ठी न मागता देतो. त्यांनी बीपी वाढतं आणि मूत्रपिंडावरही ताण येतो, म्हणजे एका गोळीत दोन कामं.

अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले. त्या दिवशी त्यांचं बीपी ३००/१९० मोजलं गेलं होतं. महायुद्ध चालवणाऱ्या माणसाला त्या काळी कामाची गोळीच उपलब्ध नव्हती, त्यामुळे त्यांना काही कष्ट पडले नाहीत. तुमचं तसं नाही. सरकारी दवाखान्यात फुकट आणि कोपऱ्यावर काही रुपयांत मिळणारी गोळी तुम्हाला रोज, नेमाने टाळावी लागते. याला निष्ठा लागते.

आता मोजण्याचं बघू. आमच्या इंदिरानगरच्या बिल्डिंगमध्ये एकच मशीन आहे, तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे. निळ्या रेक्झिनच्या पाकिटात, आत जुन्या चार्जरची वायर आणि अंगाऱ्याची पुडी. तुम्ही जिने चढून धापा टाकत जा, चहाचा कप संपवा, पायावर पाय टाकून बसा. स्वेटरच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळा आणि पट्टा फुगत असताना पार्किंगच्या भांडणाचा विषय काढा. आकडा जास्त आला तर 'मशीन बिघडलंय', कमी आला तर 'बघा, म्हटलं नव्हतं?' पाच मिनिटं शांत बसून, पाय जमिनीला टेकवून, उघडा दंड छातीच्या पातळीला ठेवून, न बोलता मोजायचं असतं म्हणे. पण मग काकूंकडे जायचंच कशाला?

मिठाचं कठीण नाही. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे अख्ख्या दिवसाचं मिळून चहाचा एक चमचा, तोही सपाट. तुम्ही 'मी वरून मीठ घेतच नाही' एवढं वाक्य पाठ करा. रविवारी सहा किलोमीटर चालून झालं की सगळे मिळून मखमलाबाद रोडला मिसळ खायला निघा. काळ्या मसाल्याची तर्री, वर शेव, सोबत तळलेला पापड. दुसऱ्यांदा रस्सा मागताना 'कमी तिखट' म्हणा, म्हणजे पथ्य पाळल्यासारखं वाटतं. घरी परतताना चिवड्याचा पुडा. यातल्या कशावरही वरून मीठ घालावं लागत नाही.

आणि गोळीची सवय लागते, हे तर कट्ट्यावर शेंबडं पोरही सांगेल. म्हणून नैसर्गिक काहीतरी घ्यावं. कुणीतरी सर्पगंधेचं चूर्ण देईल. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकिलांनी सर्पगंधेवरचं काम १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापलं, तेव्हा जगाने कान टवकारले. १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन हे बीपी उतरवणारं द्रव्य वेगळं काढलं गेलं आणि त्याची, अरेरे, गोळी झाली. मात्रा मिलिग्रॅममध्ये आली. ती चुकली तर माणूस खिन्न, उदास होतो, हेही पुढे कळलं. तुम्ही मात्र मिलिग्रॅमच्या भानगडीत न पडता चमचा वापरा. दुधीचा रस घेत असाल आणि तो कडू लागला तर तोंड वाकडं न करता गटकन प्या. कडू दुधी विषारी असतो, असलं काही बोलून कट्ट्याचा उत्साह घालवू नका.

एवढं सगळं आमच्या अण्णांनी केलं. काका माझे, सख्खे. मुहूर्त त्यांनी गुढीपाडव्याचा धरला होता.

दिवाळीच्या आधीचा रविवार, सकाळी साडेआठ. अण्णांच्या उजव्या हातातला कप हळूहळू कलला आणि चहा पेपरावर सांडला. त्यांना तो सांडतोय हे कळत होतं, पण हात सरळ होईना. काहीतरी म्हणाले, शब्द लागले नाहीत. अशा वेळी घाई करू नये. आम्ही केली नाही. शेजारच्या वहिनी मीठ-साखरेचं पाणी घेऊन आल्या (मीठ!). समोरचे म्हणाले, गॅस डोक्यात चढलाय, पडू द्या जरा. कुणी हाताला तेल चोळलं. दुपारी चेहरा एका बाजूला ओघळला तेव्हा लकव्याचं औषध देणाऱ्या कुणाचा तरी नंबर शोधणं सुरू झालं. १०८ हा नंबर सगळ्यांना पाठ होता. पण एवढ्यासाठी ॲम्ब्युलन्स बोलवायची म्हणजे बिल्डिंगभर चर्चा!

अडीचला दवाखान्यात पोचलो. स्कॅन झाला. तिथल्या तरुण डॉक्टरने पहिल्यांदा विचारलं, 'शेवटचं नीट कधी बोलले होते?' आम्ही पाचजण एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. मेंदूतली गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि घड्याळ लक्षणं सुरू होतात तेव्हापासून धावतं, रिक्षात बसल्यापासून नाही. त्या मुलाने आवाज चढवला नाही. फॉर्मवर 'सकाळी ८.३०' लिहिलं आणि त्याखाली एक रेघ ओढली.

नंतर कपडे काढायला अण्णांचं कपाट उघडलं. चष्म्याच्या घराखाली पंधरा गोळ्यांची पट्टी होती. चार खड्डे रिकामे, अकरा गोळ्या जशाच्या तशा.

आता अण्णा डाव्या हाताने जेवतात. गोळी आमच्या घरच्या काकू देतात, समोर उभ्या राहून. बीपी छान आहे. मागच्या रविवारी मैदानावरचे चौघे चिवड्याचा पुडा घेऊन भेटायला आले, तासभर बसले, अण्णांना हसवलंही. निघताना त्यांच्यातल्या एकांनी चपला घालता घालता मला दाराबाहेर घेतलं आणि खांद्यावर हात ठेवून अगदी मायेने विचारलं,

'आता नॉर्मल आलंय ना बीपी? मग गोळी कधी बंद करताय?'