पांढरी शेवंती मयताची नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली. लगेच उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं, पण सकाळपर्यंत राग काही उतरला नाही म्हणून लिहायला बसलेय. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. शेवंतीवरच्या पोस्टमध्ये मी लिहिलं होतं की वास्तुशांतीला, हळदीकुंकवाला, कोणाला बघायला जाताना पांढरी पिवळी कुठलीही शेवंती खुशाल न्यावी, आणि पुढे कुंडीतल्या शेवंतीची काळजी. त्यावर या दादांनी लिहिलंय, "ताई, पांढरी शेवंती हे मयताचं फूल आहे, एवढंही माहीत नसेल तर आधी अभ्यास करा आणि मग लोकांना शिकवा." शिवाय त्यांची भाची बेल्जियमला असते, तिने शेजारणीला शेवंतीचा गुच्छ नेऊन दिला तर ती बाई एकदम गप्प झाली. मी सांगितलं तशी कुंडी वाढवली तरी एक कळी आली नाही, अशीही त्यांची तक्रार आहे. आणि पावसाळा मी एका ओळीत उरकला, ही आणखी एक.

पावसाळ्याचं मान्य. आपल्या किनारपट्टीच्या पावसात एक ओळ पुरत नाही, त्यावर जास्त लिहायला हवं होतं, खाली लिहितेय.

पण "आधी अभ्यास करा" हे काय आहे? ताई म्हणायचं आणि त्याच वाक्यात हे. माझ्या लिखाणावर वाद घालणारे कितीतरी जण येतात, जास्वंदीच्या पोस्टवर तर दोन दिवस वाद चालला होता, कोणी कोणाचा अभ्यास काढला नाही. तुम्हाला पांढरी शेवंती नको वाटते तर तसं लिहा, आमच्याकडे चालत नाही म्हणा, मी ऐकून घेईन, नवीन काही कळलं तर आनंदच आहे. पण समोरच्याला काहीच माहीत नाही असं धरून बोलायचं आणि वर लोकांना शिकवू नका म्हणायचं, हे मला चालत नाही. दुसऱ्या कोणाशी बोलतानाही चालवून घेणार नाही.

आता अभ्यासच काढलाय तर ऐका. माझी आई वेंगुर्ल्याच्या बाजारात फुलं घेऊन बसायची. अबोली आणि सुरंगी इथलीच, सुरंगीचे वळेसर, म्हणजे गजरे, तर आमच्याच बाजूचे, पण शेवंती घाटावरची. बेळगावकडून आंबोलीमार्गे रात्रीच्या गाडीने यायची आणि पहाटे पाटी उतरायची. शाळेत जायच्या आधी आम्ही भावंडं वेण्या करायला बसायचो, पांढरी शेवंती आणि मधे मधे अबोली. आई फूल हातात घेतलं की आधी उलटं करून बघायची, "देठ हिरवो असा काय बघ, वरसून सगळीच बरी दिसतत." अजून मी बाजारात तसंच बघते. पाठ पिवळी पडली असेल तर ते फूल दुसऱ्या दिवशी पाकळ्या टाकतं, वरून कितीही टवटवीत दिसू दे. मार्गशीर्षातल्या गुरुवारी कलशाला वेणी पाहिजे म्हणून बायका उजाडायच्या आत यायच्या आणि पहिली पांढरी संपायची, मग पिवळी. जत्रेत देवीच्या ओटीवर तीच पांढरी वेणी. मयताचं फूल देवीच्या ओटीत घालणाऱ्या एवढ्या बायका चुकल्या काय सगळ्या?

मयतावर शेवंती असते, नाही कोण म्हणतंय? पुष्पचक्रात असते, हारात असते. झेंडूही असतो, गुलाबही असतो. माणूस जाताना त्याच्या तोंडात तुळशीचं पान ठेवतात, म्हणून तुम्ही दारातलं वृंदावन काढून टाकलंत का? दसऱ्याला झेंडूचं तोरण सोडलंत का? जे फूल हाताशी असतं, स्वस्त असतं, चार दिवस टिकतं, ते आपण सुखातही वापरतो आणि दुःखातही. शेवंती यातल्या तिन्ही गोष्टीत बसते, देठासकट पाण्यात ठेवली तर आठवडा सहज काढते. त्यात अशुभ काय आलं?

बेल्जियमचं म्हणाल तर ते खरंच आहे, पण ते बेल्जियमचं आहे. फ्रान्स, बेल्जियम, इटली, स्पेन, पोलंड, या देशांत १ नोव्हेंबरला सगळ्या संतांचा दिवस असतो आणि त्या सुमाराला लोक आपल्या माणसांच्या थडग्यांवर शेवंतीच्या कुंड्या नेऊन ठेवतात, कारण तिकडच्या थंडीत त्या दिवसांत फुललेली असते ती शेवंतीच. म्हणून ते फूल तिथे कोणी जेवायला बोलावलं तर नेत नाहीत. भाचीची शेजारीण गप्प झाली ती त्यामुळे, फक्त पांढऱ्या रंगामुळे नाही. पण तेच फूल जपानमध्ये राजघराण्याचं चिन्ह आहे, सोळा पाकळ्यांचं, त्यांच्या पासपोर्टवरसुद्धा शेवंतीच असते. आणि त्याच जपानमध्ये अंत्यविधीला पांढरी शेवंती वाहतात. एकाच देशात दोन्ही, आणि त्यांचं काही अडत नाही. चीनमध्ये नवव्या महिन्याच्या नवव्या दिवशी सण असतो, तेव्हा शेवंतीची दारू पितात, दीर्घायुष्यासाठी म्हणून, आणि अंत्यविधीला पांढरी शेवंती तिथेही आहेच. ऑस्ट्रेलियात मे महिन्यात मदर्स डेला मुलं आईला शेवंती देतात, कारण तिकडे तेव्हा शरद ऋतू असतो. यातला कुठला अर्थ खरा धरायचा? तिथे तिथला. तिथे राहायचं तर तिथलं पाळायचं, मला त्यात काही वाद नाही. पण तिथला अर्थ उचलून वेंगुर्ल्यात आणायचा आणि इथल्या बायकांनी पिढ्यानपिढ्या माळलेली वेणी अशुभ ठरवायची, हे मी मान्य करणार नाही.

आणि मला हे एवढं का लागलं तेही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल एका वाक्यावर किती बोलते. माझे वडील लवकर गेले. आई त्यानंतरही बाजारात बसत होती, वेण्या करत होती, दुसऱ्यांच्या केसांत माळून देत होती. पण हळदीकुंकवाला तिला कोणी बोलवायचं नाही आणि तिच्या हातात कोणी फूल ठेवायचं नाही. तिने केलेली वेणी देवीला चालायची, तिच्या केसांत चालायची नाही. एकदा एका बाईने, नाव सांगत नाही, आईकडून वेणी घेताना पदर पुढे केला, हाताला हात लागू नये म्हणून. मी बाजूलाच उभी होते. तेव्हापासून हे फूल याचं, ते फूल त्याचं, हे शुभ ते अशुभ, असं कोणी ठासून सांगायला लागलं की मला राहवत नाही. २०२२ साली कोल्हापूरकडच्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, त्यानंतर सरकारनेही परिपत्रक काढलं, पण आई तोवर नव्हती. आता हळदीकुंकवाला मी आमच्या वाडीतल्या सगळ्या बायकांना बोलवते, सगळ्यांना शेवंतीची वेणी देते, पांढरी. कोणी घेत नसेल तर आग्रह करत नाही. पण देताना कोणाला वगळत नाही.

म्हणून कोणाला शेवंती द्यायची झाली तर मी आजही तेच सांगेन, मोकळ्या मनाने द्या. फक्त फुलं ताजी बघून घ्या, ओली वेणी प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, काळी पडते, केळीच्या पानात गुंडाळा. गुच्छ असेल तर पाण्यात बुडणारी पानं काढून टाका आणि देठ तिरका कापा. घरात मांजर असेल तर तेवढं सांगा, शेवंतीचा पाला मांजराला बाधतो.

तुमच्या कुंडीचं. कळी आली नाही याचा दोष पोस्टला देण्याआधी कुंडी कुठे ठेवलीय ते बघा. शेवंतीला कळी धरायला लांब, सलग काळोखी रात्र लागते. ओट्यावरच्या ट्यूबलाईटखाली किंवा रस्त्याच्या दिव्यासमोर असेल तर नुसती पानं वाढत राहतात. परदेशातले शेतकरी दिवे लावून आणि काळं कापड टाकून हेच आपल्याला हवं तेव्हा करून घेतात. दुसरं म्हणजे ऑगस्टनंतर शेंडे खुडत बसलात तर कळ्याच खुडल्या जातात. शेंडा जून जुलैत खुडायचा. हे दोन्ही मी लिहिलं होतं, परत वाचा.

पावसाळा, जो मी मान्य केला. कुंडी उघड्यावर ठेवूच नका, पडवीत किंवा पत्र्याखाली, उजेड येईल पण पागोळ्या पडणार नाहीत अशी. तळाला फुटक्या कौलाचे तुकडे घाला. नुसती जांभ्याची माती नको, पावसात घट्ट बसते, अर्धी वाळू आणि कुजलेलं शेणखत मिसळा. पाणी बुंध्याशी, तेही माती वरून सुकल्यावर. खालची पानं काळे डाग पडून वाळायला लागली तर ती काढून लांब टाका, झाडाखाली पडू देऊ नका. मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, दिसला तर कडुलिंबाचं तेल, साबणाच्या पाण्यात थोडं. फुलं संपली की झाड वीतभर ठेवून छाटा, बुडाशी मुनवे, म्हणजे नवे कोंब, फुटतात, ते वेगळे काढून लावले की पुढच्या वर्षीची झाडं तयार.

खताच्या प्रमाणाबद्दल तुम्ही जे लांबलचक लिहिलंय त्यात मी पडत नाही, ते ज्याने त्याने आपल्या मातीप्रमाणे बघावं.

भाचीला सांगा, त्या शेजारणीकडे परत जाताना दुसरी फुलं ने. युरोपबद्दलची ओळ मी पोस्टमध्ये आजच घालतेय, ज्यांची पोरं तिकडे आहेत त्यांच्या उपयोगी पडेल. वास्तुशांतीचं आणि हळदीकुंकवाचं जे लिहिलंय त्यातला एक शब्दही बदलणार नाही.