द्राक्षाचा जांभळा

वन्संच्या वास्तुशांतीला विकतचं काही न्यायचं नाही, असं मी चारचौघांत बोलून बसले. हातचे वॅक्स मेल्ट देणार होते. म्हणजे वात नसलेल्या मेणाच्या वड्या. दिव्यावरच्या वाटीत ठेवल्या की वितळतात आणि घरभर वास सुटतो. नाशिकची भेट, म्हणून रंग काळ्या द्राक्षांचा. गंगापूर रोडच्या हातगाडीवरून अर्धा किलो द्राक्षं नमुन्यासाठी आणली. नमुना संध्याकाळपर्यंत मुलांनी संपवला. पुढचं सगळं आठवणीवर.

पहिल्या घाण्यात खायचा रंग घातला. तो मेणाच्या तळाशी जाऊन गोळी होऊन बसला. ढवळलं की फुटायचा, हात थांबला की पुन्हा गोळा. खायचा रंग पाण्यातला, मेण तेलाच्या जातीचं. आमटीवरचा तवंग रोज बघूनही हे मला सुचू नये!

मग मेणबत्तीचा, तेलात विरघळणारा रंग मागवला. जांभळा संपलेला, म्हणून लाल आणि निळा. थेंबभर निळा जास्त पडला की लालाचं काही चालत नाही. आमच्याकडे ह्यांचं चालतं तितपतच. तरी शेवटी पातेल्यात असा काही रंग उतरला की मी सगळ्यांना हाका मारल्या.

सासूबाई म्हणाल्या, "छान आहे. थिजू दे आधी."

थिजला. सकाळी साच्यात वांग्याच्या फुलाचा रंग, तोही उन्हात सुकलेल्या. सोया मेण पातळ असताना काचेसारखं नितळ दिसतं, थिजलं की दुधासारखं पांढरं होतं आणि रंग त्यात बुडतो. नेहमीच्या मेणबत्तीच्या मेणात, पॅराफिनमध्ये, गडद दिसला असता, पण सोयाचं दोन किलो घरात येऊन पडलं होतं. तेव्हापासून पाकाची तार बघावी तशी मी थेंब पांढऱ्या कागदावर टाकून, थिजवून बघायला लागले. लाइटबिलाची पाठ, मुलाची गणिताची वही, लग्नपत्रिका, सगळ्याला जांभळी देवी आली.

जुन्या नाशकात रंगपंचमीला पेशवेकाळातल्या रहाडी, म्हणजे रंगाचे दगडी हौद, उघडतात. प्रत्येकीचा रंग ठरलेला. धप्पा, म्हणजे त्यात धपकन उडी, मारून वर आलेला माणूस पुढे कितीतरी दिवस तो रंग अंगावर मिरवतो, कितीही घासा. आणि इथे मला पावशेर मेणात तो धरून ठेवता येईना.

तिसरा घाणा मात्र जमला. अगदी जमला. आठवड्याने डबा उघडला तर वड्या तपकिरी! सुगंधी तेलात व्हॅनिला होता, आणि त्यातलं व्हॅनिलिन हळूहळू मेणाला तपकिरी करतं म्हणे. द्राक्षं ठेवली होती, मनुके निघाले.

चौथ्याला मोगऱ्याचं तेल घेतलं, रंग दुप्पट घातला. सासूबाईंनी चष्मा लावून एक वडी उजेडात धरली. "यात सोलकढी सांडली का गं?"

मुहूर्त दुसऱ्या दिवशी होता. त्याच वड्या बांधून नेल्या.

वन्संनी कौतुकाने लगेच एक वाटीत ठेवली. पाच-दहा मिनिटांत वडी विरघळली, दुधाळपणा गेला, आणि वाटीत तोच! हातगाडीवरचा, काळ्या द्राक्षांचा, अस्सल जांभळा. पाहुणे जमले. मला भरून आलं.

"अय्या, काय सुरेख रंग!" वन्सं म्हणाल्या. "थिजल्यावरही असाच राहतो ना गं?"

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या शिरा वाढायला उठल्या होत्या.