पोलिसी खाक्या दाखवताच…

"पोलिसी खाक्या दाखवताच आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली." बातमीतलं हे वाक्य वाचून आपल्याला बरंच वाटतं. चला, सापडला एकदाचा! खाक्या म्हणजे नेमकं काय केलं, हे मात्र कोणी विचारत नाही. कारण सगळ्यांना माहीत असतं.

पण पोलिसांपुढे दिलेली ही कबुली कोर्टात आरोपीविरुद्ध वापरताच येत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम २५ हेच सांगायचं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम २३ झालंय. इंग्रजांना आपला पुळका होता म्हणून हा नियम आला नाही. मद्रास इलाख्यात सारावसुलीसाठी आणि कबुलीसाठी माणसांचे कसे हाल करतात, ते १८५५ च्या चौकशीत त्यांच्याच समोर आलं होतं. पुरावा कायद्याचा मसुदा करणाऱ्या स्टीफनने नंतर एकाचं म्हणणं नोंदवून ठेवलंय: उन्हातान्हात पुरावे शोधत हिंडण्यापेक्षा सावलीत बसून एखाद्या गरिबाच्या डोळ्यांत तिखट चोळणं जास्त सोयीचं. दीडशे वर्षांत सावली तेवढी बदलली, आता पंखा असतो.

खरी कबुली मॅजिस्ट्रेटपुढे. तो आधी बजावतो की बोलायची तुझ्यावर सक्ती नाही आणि बोललास तर ते तुझ्याविरुद्ध वापरलं जाईल. आरोपी नाही म्हणाला, तर त्याला परत पोलीस कोठडीत पाठवता येत नाही. सगळं मर्म या शेवटच्या अटीत आहे. ज्यांच्या तावडीतून आलो त्यांच्याकडेच रात्री परत जायचं असेल, तर स्वेच्छा कसली?

आणि नेमकी हीच भिंत आपण महाराष्ट्रात १९९९ साली पाडली. मोक्काच्या, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या कायद्याच्या, कलम १८ नुसार पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढची कबुली पुरावा म्हणून चालते. मुंबईत हे काम डीसीपी, म्हणजे पोलीस उपायुक्त करतात. हुद्दा मोठा म्हणजे माणूस भरवशाचा, असा हिशेब.

११ जुलै २००६. पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये सात स्फोट, १८९ बळी. खटला मोक्काखाली चालला आणि डीसीपींनी नोंदवलेले कबुलीजबाब हा त्याचा मोठा आधार होता. आरोपींनी ते नंतर नाकारले. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली. त्यातला एक २०२१ मध्ये तुरुंगातच वारला. २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवलं. कबुलीजबाबांतला मजकूर एकसारखा निघाला आणि छळ झाल्याचंही न्यायालयाने मान्य केलं. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने, हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायचा नाही, एवढी स्थगिती दिली. सुटलेल्यांना परत आत टाकलं नाही.

यावर कोणीतरी लिहिणारच, "तुमच्या घरातलं कोणी त्या डब्यात असतं तर?" असतं, तर मला सर्वांत जास्त राग त्या कबुलीजबाबांचाच आला असता. एकदा सही मिळाली की तपास तिथेच बसतो. खरा माणूस दुसरीकडे असेल, तर त्याला शोधायला कोण उठणार? एकोणीस वर्षांनी त्या घरांच्या हाती काय आलं? ज्यांना खाक्या हवा असतो, त्यांनी याचं उत्तर द्यावं.

मोक्का रद्द करा, असं मी म्हणत नाही. टोळ्यांविरुद्ध साक्षीदार उभे राहत नाहीत, ही अडचण खरी आहे. पण कलम १८ मध्येच लिहिलंय की कबुली लेखी घ्या किंवा कॅसेट, टेपसारख्या साधनांवर नोंदवा. १९९९ मध्ये कॅमेरा सगळीकडे नव्हता, म्हणून ते 'किंवा' ठीक होतं. आज फौजदारी प्रक्रियेच्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती-जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं आहे. घरातून चाकू उचलताना कॅमेरा लागतो. फाशीपर्यंत नेणारं बोलणं मात्र अजून नुसत्या कागदावर चालतं. ते 'किंवा' काढून टाकायला विधिमंडळाचा एक दिवससुद्धा लागणार नाही.